वाढत्या अंगाचं कार्ड

सोमवार, ९ फेब्रुवारी

कालच्या नोंदीत दुरुस्ती. मी लिहिलं होतं, 'संध्याकाळी कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात सुरू झाला.' हे खरं नाही. पहिल्या झटक्यात मी प्लगच लावला नव्हता. दुसऱ्या झटक्यात प्लग होता, भिंतीवरचं बटण बंद होतं. शिवाय 'सुरू झाला' हा शब्दही जरा सैल आहे. पंखे फिरले, आतले दिवे निळेजांभळे झाले आणि स्क्रीन काळीच राहिली. बरोबर वाक्य असं: 'कॉम्प्युटरचे पंखे सुरू झाले.'

खाडाखोड करायची नाही, चुकीवर एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर ते लिहायचं, ही आत्याची शिकवण. दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. घरीच शिकले, आणि घर म्हणजे आमचं शिवणाचं दुकान. अपूर्णांक बाबांनी टेपवर शिकवले, शुद्धलेखन आत्याने काजं करता करता. आईने धीर धरायला शिकवलं. तो विषय मला सगळ्यात चांगला जमला.

स्क्रीन काळी का, हे मला माहीत आहे. मी घेतलेल्या प्रोसेसरला चित्र दाखवता येत नाही. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड वेगळं घ्यावं लागतं. बाकी सगळे भाग मी स्वतः निवडले, स्वतः जोडले, एकही स्क्रू उरला नाही. (दोन उरले. पण ते जास्तीचे असावेत.) फक्त कार्ड राहिलंय. म्हणजे काम झाल्यात जमा.

दादाने कॉम्प्युटरचं नाव 'उजेडाचा डबा' ठेवलं. दुर्लक्ष केलं. तीनदा.

मंगळवार, १० फेब्रुवारी. दुपार

उद्देश डोळ्यांसमोर असावा म्हणून लिहून ठेवते.

नृत्यमंडळाच्या बाई शनिवारी, २८ तारखेला दुकानात येणार. त्यांना सगळ्या मुलींसाठी घेरदार झगे हवेत. मागच्या वेळी दुसऱ्या कुणीतरी शिवून दिले होते. उभं असताना देखणे, पण गिरकी घेतली की घेर पायांत गुंडाळायचा. एक मुलगी स्टेजवरच बसली. बसली म्हणजे पडली. तेव्हापासून बाईंचा एकच हेका, कापडाला कात्री लावायच्या आधी मला झगा फिरताना दिसला पाहिजे. बाबा म्हणाले, न शिवलेला झगा फिरेल कसा? मी म्हटलं, स्क्रीनवर फिरेल. हे वाक्य मी फार शांतपणे म्हटलं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

तसं सॉफ्टवेअर असतं. मापं घातली की कापड झुलतं, वळतं, खाली पडतं. त्याचे व्हिडिओ मी इतके बघितलेत की ते मला येतं म्हणायला हरकत नाही.

बाबांनी खिडकीजवळचा कोपरा मला दिलाय, २८ तारखेपर्यंत. बाईंचं काम मिळालं तर कोपरा माझा आणि मी दुकानाची डिझायनर. नाही मिळालं तर तिथे दादाच्या रेडिमेड शर्टांचा रॅक येणार, आणि मी पुन्हा तुरपाईला. तुरपाईत वाईट काही नाही. पण मला अक्षरं यायच्या आधीपासून मी तुरपाई करतेय.

दादा रोज येऊन कोपऱ्याचं माप घेतो. मी तिथे बसलेली असताना. काल त्याने रॅकच्या आधी शर्ट घालायचा पुतळाही आणून उभा केला. डोकं नसलेला. म्हणाला, तुम्हां दोघांचं जमेल.

बुधवार, ११ फेब्रुवारी

संकल्प: कार्ड आज रात्रीपर्यंत ठरवणार.

दोन कार्डांवर येऊन थांबलेय. एक दोन पंख्यांचं, एक तीन पंख्यांचं. कार्ड घेताना तीन गोष्टी जमाव्या लागतात. ते आपल्या मदरबोर्डच्या खाचेत बसलं पाहिजे, आपल्या पॉवर सप्लायने त्याला पुरेसा करंट दिला पाहिजे आणि ते आपल्या कॅबिनेटमध्ये मावलं पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी दोन्ही कार्डांना जमतात, हे चार ठिकाणी वाचून पाचव्या ठिकाणी पडताळलं. राहिली लांबी. लांबी हे तर आमच्या घराण्याचं काम.

कॅबिनेटचं आतलं माप घेतलं. बाबांच्या टेपने, कारण पट्टीवर माझा विश्वास नाही. मागच्या पत्र्यापासून पुढच्या पत्र्यापर्यंत बारा इंच. घरच्या रिवाजाप्रमाणे त्यात दोन बोटं सैल धरली. साडेतेरा. तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा सैल धरायला विसरले नाही.

तीन पंख्यांचं कार्ड तेरा इंच आहे. म्हणजे वर अर्धा इंच उरतो. त्याचं काय करायचं ते नंतर बघू.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

परवाच्या संकल्पात दुरुस्ती. निर्णय बुधवारी रात्री झाला नाही, आज झाला. पण निर्णयाचा कल बुधवारीच स्पष्ट होता, तेव्हा संकल्प मोडला असं म्हणता येणार नाही. लांबला.

आईला घेऊन कार्डवाल्याच्या दुकानात गेले. त्याने विचारलं, कॅबिनेट कुठलं. सांगितलं. म्हणाला, ताई, मग दोन पंख्यांचं घ्या, त्या डब्यात निवांत बसेल. (हाही डबाच म्हणाला. दादा त्याला भेटून आलाय का?) मी म्हटलं, जागा साडेतेरा इंच आहे. तो म्हणाला, त्या डब्यात? साडेतेरा? मी म्हटलं, मी स्वतः मोजलीय, आमचं तीन पिढ्यांचं शिवणाचं दुकान आहे. त्यावर तो म्हणाला, मग मी कोण बोलणारा. कौशल्याबद्दल लोकांना आदर असतो. फक्त ते ठामपणे सांगता आलं पाहिजे.

तीन पंख्यांचंच घेतलं. कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढे मलाच शंका यायला नको. आमच्या घरात मुलांना कधी बेताचे कपडे शिवत नाहीत, वाढत्या अंगाचे शिवतात. माझ्या शाळेच्या पहिल्या गणवेशात मी दोनदा मावले असते. चौथ्या वर्षी तो बरोबर झाला आणि त्याच वर्षी शाळेने रंग बदलला. तरी तत्त्व चुकीचं नव्हतं. आज दोन पंख्यांत भागेल, उद्या झग्यांचा घेर वाढला की काय करायचं?

आईने खोका हातात घेऊन वजन बघितलं आणि कार्डवाल्याला विचारलं, हे पुढे कमी पडलं तर उसवून सोडता येतं का? तो म्हणाला, नाही मावशी. आई म्हणाली, मग अस्तर तरी चांगलं आहे ना. तो हो म्हणाला. मला तो माणूस आवडला.

परतताना बसमध्ये खोका मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या काकूंनी विचारलं, केक का? मी हो म्हटलं. हे खोटं आहे, म्हणून इथे दुरुस्त करते. केक नव्हता.

शनिवार, १४ फेब्रुवारी

खोका उघडला नाही. आज वाचन.

वाचलेलं: माणसाच्या अंगात वीज साठते. आपल्याला कळतही नाही. बोट लावलं की ठिणगी जाते आणि कार्ड आतल्या आत मरतं. म्हणून आधी नळाला हात लावावा, म्हणजे अंगातली वीज उतरते. गालिच्यावर उभं राहू नये. लोकर घालू नये.

दिवसभर सराव म्हणून नळाला हात लावला. आत्या म्हणाली, तू एवढ्या वेळा माझ्या पाया पडली असतीस तर मीच तुला कार्ड घेऊन दिलं असतं.

सोमवार, १६ फेब्रुवारी

सकाळी हात धुतले, पुसले, नळाला लावले. कॅबिनेट आडवं केलं. खोका उघडला. कार्ड इतकं सुंदर आहे की आम्ही सगळे पाच मिनिटं त्याच्याभोवती फिरून बघत राहिलो. दादासुद्धा. काळंभोर, तीन पंखे, मागच्या बाजूला तकतकीत पत्रा. आत्या म्हणाली, लग्नात घालून मिरवण्यासारखं आहे.

आत घातलं.

गेलं नाही.

तिरकं घातलं. गेलं नाही. आधी पुढचं टोक, मग मागचं. आधी मागचं, मग पुढचं. आई म्हणाली, बाळाला स्वेटर घालतात तसं कर, आधी डोकं घाल. कार्डाचं डोकं कुठलं, यावर मतभेद झाले. शेवटी पत्र्यावर एक चरा उमटला. कार्डावरही एक.

निष्कर्ष: कार्ड किंचित फुगलं असावं. बसमध्ये मी उन्हाच्या बाजूला बसले होते.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

कालच्या निष्कर्षात दुरुस्ती. कार्ड फुगत नाही. कार्डवाल्याला फोन करून खात्री केली. त्याने प्रश्न दोनदा सांगायला लावला, मग नाही म्हणाला.

दुपारी बाबांनी टेप लावली. म्हणाले, बारा. मी म्हटलं, आणि दोन बोटं. बाबा म्हणाले, कसली दोन बोटं? मी म्हटलं, सैल. बाबांनी टेप गळ्यात अडकवली, गोल फिरणारं स्टूल ओढलं आणि बसले. म्हणाले, अगं, सैल अंगाच्या मापात धरतात. इथे अंग कुठलं? अंग म्हणजे तुझं ते कार्ड. हा डबा म्हणजे झगा. शिवून झालेल्या झग्यात तू दोन बोटं सैल धरलीस म्हणून झगा मोठा होईल का?

आत्याच्या हातातली सुई हसण्याने खाली पडली. मग सगळ्यांना ती शोधावी लागली, त्यामुळे विषय बदलला. आत्याचे आभार.

शांतपणे विचार केला. माप बरोबर होतं. सैल किती धरायचं तेही बरोबर होतं. फक्त ते कशात धरायचं, एवढ्यात गल्लत झाली. म्हणजे तीनपैकी दोन गोष्टी बरोबर. मनाला बरं वाटलं.

बुधवार, १८ फेब्रुवारी

कार्ड बदलून घ्यायला गेले. ठरवलं होतं, कमी बोलायचं.

कार्डवाल्याने खोका उघडला, वरवर बघितला आणि म्हणाला, चालेल ताई, दोन पंख्यांचं देतो. सगळं झालंच होतं. पण तो चरा त्याला दिसला नव्हता, आणि तो मला दिसत होता. मी म्हटलं, एक सांगायचंय. चरा दाखवला. मग म्हटलं, हे काल, नाही, परवा आत ढकलताना झालं, तिघांनी मिळून ढकललं, त्यात आईच्या हाताला थोडं तेल असण्याची शक्यता आहे. तो म्हणाला, ताई, मी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, पण खरं आहे. तो म्हणाला, खरं आहे म्हणूनच आता मला परत घेता येणार नाही.

त्यालाही वाईट वाटलेलं दिसत होतं. मी त्याला धीर दिला.

कार्ड घरी. बसमध्ये सावलीच्या बाजूला बसले. आता काही उपयोग नाही, पण सवय लागलेली बरी.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

कोपरा हातचा जाणार असं वाटून काल दिवसभर काही लिहिलं नाही. तुरपाई केली. माझी तुरपाई चांगली आहे, दुर्दैवाने.

आज आई जेवता जेवता म्हणाली, झगा अंगाला होत नसेल तर अंग कापतात का? झगा उसवतात. बाबा म्हणाले, पत्रा कसा उसवणार? दादा म्हणाला, पुढच्या बाजूला खिडकी कापायची. कार्डाचं टोक येऊ दे बाहेर, एक इंच तर आहे. पोट नाही का येत लोकांचं.

मी घाबरून म्हटलं, समोर वारा खेचणारे पंखे आहेत. दादा म्हणाला, किती? दोन. मग एक काढ. त्याला हे सगळं इतकं सोपं कसं वाटतं?

बाबांनी आपली कात्री द्यायला साफ नकार दिला. त्या कात्रीने त्यांनी आजवर कागदसुद्धा कापलेला नाही. दादा शेजारच्या पत्रेवाल्याकडून पत्र्याची कात्री घेऊन आला. मी खडूने आखणी करून दिली. यावेळी सैल योग्य जागी धरलं. बाबांनी आखणी तपासली आणि एकही रेघ बदलली नाही. बाबांच्या बाबतीत ही शाबासकी.

दादाला विचारलं, तुला तर कोपरा हवाय, मग मदत कशाला करतोस? म्हणाला, रॅक काय कधीही येईल, ही मजा पुन्हा कुठे बघायला मिळणार.

शनिवार, २१ फेब्रुवारी

बसलं.

बसलं बसलं बसलं. खाचेत 'टक' असा आवाज आला. असा आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. आत्याला पुन्हा ऐकायचा होता म्हणून काढून परत बसवलं. मग आईला. बाबा दुसऱ्या खोलीत होते, त्यांच्यासाठी दार उघडं ठेवून.

कार्डाचं टोक पुढून इंचभर बाहेर आलंय. आधी विचित्र वाटलं, पण संध्याकाळपर्यंत तसंच असायला हवं असं वाटायला लागलं. इतरांचे कॉम्प्युटर आता मला बुटके वाटतील.

संकल्प: सोमवारी सुरू करणार. मंगळवारपासून झगा. गुरुवारपर्यंत झगा फिरायला लागेल. शुक्रवार राखून ठेवला.

सोमवार, २३ फेब्रुवारी

सुरू केला नाही. सबळ कारण आहे. पत्रा कापताना बारीक किस पडलाय. एखादा कण चुकीच्या जागी असला तर करंट भलतीकडे जातो आणि सगळंच जळतं. दिवसभर बाबांच्या कोट झाडायच्या ब्रशने आतून झाडलं. तीन कण सापडले. त्यांतला एक बटणाचा तुकडा निघाला.

आत्याने एक महत्त्वाचा प्रश्न काढला. आमच्या दुकानात धाग्यांचा भुगा उडतो. पुढे भोक असलेल्या डब्यात तो जाणार नाही का? (आत्यासुद्धा डबा म्हणाली.) ठरलं, कव्हर शिवायचं. बाहेर आलेल्या टोकासाठी पुढे चुण्यांचा खिसा, म्हणजे वारा कोंडणार नाही. बाजूला बटणपट्टी. कॉम्प्युटर बाबांच्या फिरत्या स्टुलावर ठेवायचाय, म्हणून खाली स्टुलापर्यंत सैलसर घेर.

मी आई-आत्याला बजावलं की कार्डाला तीन पंखे आहेत, एकदम फिरले की वारा इतका सुटेल की कव्हर उडून बाईंच्या तोंडावर जाईल. हे मी कुठे वाचलेलं नाही. पण शक्यता नाकारता येत नाही. आई म्हणाली, मग घेराच्या दुमडीत दोरी घालते, जड राहील.

बुधवार, २५ फेब्रुवारी

सगळ्या वायरी जोडल्या. स्क्रीनची वायर मदरबोर्डला नाही तर कार्डालाच लावली, ही चूक पुष्कळ लोक करतात, मी केली नाही. नळाला हात लावला. बटणावर बोट ठेवलं.

मग आठवलं, ते दोन उरलेले स्क्रू. ते जास्तीचे होते असं मी ९ तारखेला लिहिलंय, पण 'असावेत' लिहिलंय. असावेत आणि आहेत यांत फरक आहे. पूर्ण कॅबिनेट परत उघडलं. सगळं जागेवर. स्क्रू खरंच जास्तीचे आहेत. ९ तारखेच्या नोंदीत दुरुस्ती: 'असावेत'च्या जागी 'आहेत' वाचावं.

त्यात संध्याकाळ झाली. दमलेल्या हातांनी पहिल्यांदा सुरू करू नये.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

लाइट दोनदा गेली. अशा दिवशी नव्या कार्डाला करंट देणं म्हणजे उपाशी बाळाला जेवणाच्या ताटावरून उठवण्यासारखं.

कव्हर तयार झालं. गडद हिरवं, सोफ्याच्या कापडातलं. आत्याने बटणपट्टीला केलेली काजं इतकी सुबक आहेत की आतलं यंत्र त्यांच्या लायकीचं आहे का, असं क्षणभर वाटलं. घालून बघितलं. बाबा लांब उभे राहून म्हणाले, फिटिंग बरोबर आहे. मग जवळ येऊन पुढच्या खिशाच्या चुण्या नीट केल्या.

दादाचा पुतळा शेजारी उघडाच उभा आहे. त्याच्याकडे बघून आज प्रथमच वाईट वाटलं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

नीट विचार करून ठरवलं, आज सुरू करायचा नाही. आज सुरू केला आणि काही बिघडलं तर दुरुस्तीला वेळ नाही. सुरू केलाच नाही तर बिघडणार कसा? बाबा म्हणाले, पण मग उद्या बाईंना काय दाखवणार? मी म्हटलं, उद्या सकाळी बाई यायच्या आधी. बाबांनी टेप गळ्यातून काढली, गुंडाळली, परत गळ्यात घातली. दादाने रॅकवाल्याला फोन करून सोमवारी यायला सांगितलं. आत्या त्याच्याशी बोलत नाहीये.

नळ गळायला लागलाय. आई म्हणते, तुझ्यामुळे.

शनिवार, २८ फेब्रुवारी. सकाळ

बाई लवकर आल्या. आता त्यांच्यासमोर पहिल्यांदा सुरू करणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. न तपासलेली वस्तू गिऱ्हाइकाला दाखवायची नाही, हे मी शिवणयंत्राच्या पायाशी बसून शिकले. त्यांना चहा दिलाय. बाहेर जाते.

शनिवार, २८ फेब्रुवारी. संध्याकाळ

आधी बातमी: काम मिळालं. मंडळाचे सगळे झगे आपले.

आता जसं झालं तसं लिहिते.

कॉम्प्युटर कव्हर घालून फिरत्या स्टुलावर बसवला होता, म्हणजे सगळ्या बाजूंनी दाखवता येईल. मी बाईंना सुरुवातीपासून सांगायला लागले. कार्ड कसं निवडलं, दोन पंखे का नाहीत, बारा आणि साडेतेरा यांतला फरक, किस, स्क्रू. बाई ऐकत होत्या. चहा संपला. दुसरा आला. मग त्यांनी हळूच विचारलं, यात झगा कुठे दिसतो?

मी म्हटलं, तत्त्वतः स्क्रीनवर.

दादाला राहवलं नाही. म्हणाला, बाई, तुम्ही निदान मागची बाजू तरी बघा, फार मेहनत केलीय आमच्या बहिणीने. आणि त्याने स्टुलाला जरा जास्तच जोरात झटका दिला.

स्टूल फिरलं. कॉम्प्युटर फिरला. वायरी लावल्याच नव्हत्या, बरं झालं. (बुधवारी लावल्या होत्या, काल काढून ठेवल्या, धूळ नको म्हणून.) कव्हरचा घेर उचलला, छत्रीसारखा पसरला, सगळीकडून सारखा. स्टूल थांबलं तसा घेर खाली आला आणि सरळ पडला. कुठे गुंडाळला नाही, कुठे अडकला नाही.

बाई म्हणाल्या, पुन्हा फिरवा. दादाने फिरवलं. उलट्या दिशेने फिरवा. फिरवलं. बाई उठल्या, खाली वाकल्या, घेराची दुमड बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, हिच्या आत काय आहे? आई म्हणाली, दोरी. बाईंनी विचारलं, दोरी कशी सुचली? आईने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाली, हिला भीती वाटत होती.

बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, मला अगदी हेच बघायचं होतं.

आता याचा अर्थ काय होतो? मी म्हटलं होतं, कापडाला कात्री लावायच्या आधी झगा फिरताना दिसेल. दिसला. माझ्या कॉम्प्युटरमुळे दिसला. कार्ड दोन पंख्यांचं असतं तर टोक बाहेर आलं नसतं, टोक नसतं तर कव्हर नसतं, तीन पंखे नसते तर दोरी नसती. म्हणजे कार्डाची निवड शेवटी बरोबरच ठरली. कार्डवाल्याला सांगायला हवं. हे दादाला सांगितलं तर तो म्हणाला, अगदी बरोबर, बंद असताना एवढं काम करणारा कॉम्प्युटर मी दुसरा बघितला नाही. त्याच्या तोंडून प्रथमच 'डबा' आला नाही, हे नोंदवते.

कोपऱ्याबद्दल. बाबा म्हणाले, कोपरा तुझाच, शब्द दिलाय. मग थोड्या वेळाने म्हणाले, फक्त झग्यांचा घेर एवढा मोठा आहे की कापायला मोठं टेबल तिथे लावावं लागेल. झगे संपेपर्यंत. टेबल तुझ्याच कोपऱ्यात लागतंय, म्हणजे एका अर्थी तुझंच. मला हे पटलं. दादाचा रॅक रद्द झाला. पुतळा कपाटामागे गेला. कॉम्प्युटर कपाटावर, कव्हरसकट. तिथे धूळ कमी येते, तेव्हा त्याच्या प्रकृतीलाही ते बरं.

डिझायनर या पदाबद्दल कुणी काही बोललं नाही. बोलायचं राहून गेलं असणार. बाईंनी जाताना एकच अट घातली, प्रत्येक घेराच्या दुमडीत दोरी हवी आणि दुमड हातानेच शिवलेली हवी, मशीनने ती ताठ होते. बाबा म्हणाले, त्याची काळजी नको, आमच्या मुलीच्या हाताला तोड नाही. त्यांनी पहिला घेर लगेच कापून दिला, दुपारपासून बसलेय. पहिल्या घेराची पाव तुरपाई झाली. घेर खरंच फार मोठा आहे.

वरच्या नोंदीत दुरुस्ती: पाव नाही. पावाहून कमी.

संकल्प: सोमवार, २ मार्च, सकाळी दुकान उघडल्याबरोबर, तुरपाईला बसायच्या आधी, कॉम्प्युटर खाली काढून बटण दाबणार. दादाला शिडी धरायला सांगितलंय. नळ तोपर्यंत दुरुस्त होईल.